नफा एका वर्षाचा पाहावा की दहा वर्षांचा?

मेथीची जुडी पंधरा रुपयांना की वीस, यावर भाजीवाल्याशी पाच मिनिटे घासाघीस करणारा माणूस शेअर घेताना मात्र कमालीचा उदार होतो. ‘भाव वर चाललाय’ एवढे कानावर आले की त्याला पुरते. तो भाव मुळात रास्त आहे का, हा प्रश्न त्याला सहसा पडत नाही. पडलाच, तर त्याचे उत्तर कसे शोधायचे हे त्याला ठाऊक नसते.

एकेकाळी ही दलाल स्ट्रीटवर रोज जाणाऱ्या मोजक्या मंडळींची चिंता होती. आता ती घराघरांत शिरली आहे. २०२४ मध्ये देशातील डीमॅट खात्यांची संख्या १५ कोटींच्या पुढे गेली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये म्युच्युअल फंडांच्या मासिक हप्त्यांतून, म्हणजे ‘एसआयपी’तून, जमा झालेली रक्कम प्रथमच २०,००० कोटी रुपयांवर पोहोचली. पोस्टातली बचत, बँकेतली मुदत ठेव आणि लग्नाकार्यासाठी घेतलेले सोने यांच्या जोडीला शेअर येऊन बसले. निवृत्तीच्या पुंजीचा, मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला काढलेल्या पैशांचा काही हिस्सा अनेक कुटुंबांनी बाजारात ठेवला आहे. तेव्हा शेअर महाग की स्वस्त हे पारखण्याची एखादी साधी रीत माहीत असणे, ही आता घरगुती गरज झाली आहे.

अशी एक रीत आहे. १९२९ च्या पडझडीत होरपळलेल्या माणसाने ती अमेरिकेत मांडली आणि पुढे अर्धशतकानंतर दोन प्राध्यापकांनी तिला आकड्यांचे बळ दिले. तिचे म्हणणे असे: कंपनीचा केवळ गेल्या वर्षाचा नफा पाहू नका. गेल्या दहा वर्षांचे नफे घ्या, ते सगळे आजच्या पैशांत आणा, त्यांची सरासरी काढा आणि मग त्या सरासरीने शेअरच्या भावाला भागा.

एका वर्षाचा नफा फसवतो

बाजारात सर्रास वापरला जाणारा मापदंड म्हणजे पी/ई रेशो. शेअरच्या भावाला एका शेअरमागच्या वार्षिक नफ्याने भागले की तो मिळतो. शेअर १०० रुपयांना आणि शेअरमागे नफा ५ रुपये असेल, तर रेशो २०. म्हणजे नफ्याच्या प्रत्येक रुपयासाठी आपण वीस रुपये मोजतो. हिशेब सोपा आहे. घोळ होतो तो नफ्याच्या आकड्यात, कारण तो एकाच वर्षाचा असतो.

सिमेंट, साखर, पोलाद अशा धंद्यांत एक वर्ष दुसऱ्यासारखे नसते. मागणी वाढली की मालाचे भाव चढतात, नफा दुप्पट-तिप्पट होतो. तो पाहून सगळेच नवे कारखाने काढतात, माल उदंड होतो आणि भाव कोसळतात. एखादी काल्पनिक सिमेंट कंपनी घेऊ. गेल्या दहा वर्षांत तिचा शेअरमागचा नफा अनुक्रमे १०, १२, ९, ४, २, ८, १४, १६, १२ आणि शेवटच्या वर्षी ३० रुपये झाला. शेअरचा भाव ३६० रुपये आहे. गेल्या वर्षाच्या नफ्यावर रेशो येतो अवघा १२. दलाल म्हणणार, ‘साहेब, एवढा स्वस्त शेअर पुन्हा मिळायचा नाही.’

दहा वर्षांची साधी सरासरी काढली तर ती ११ रुपये ७० पैसे भरते, आणि तोच शेअर जवळजवळ ३१ पटीने विकला जातो आहे असे दिसते. पण हाही हिशेब न्यायाचा नाही. नऊ वर्षांपूर्वीचे १० रुपये म्हणजे आजचे १० रुपये नव्हेत. महागाई दरसाल ५ टक्के धरली, तर ते आजचे साडेपंधरा रुपये होतात. प्रत्येक वर्षाचा नफा असा आजच्या रुपयांत आणला की सरासरी येते १४ रुपये आणि ३६० च्या भावाला गुणोत्तर पडते जवळपास २६. खरा आकडा हा. बारा नव्हे, एकतीसही नव्हे.

गंमत पुढच्या वर्षी दिसते. समजा मंदी आली, नफा ३० वरून ६ रुपयांवर घसरला आणि शेअरही निम्म्यावर, १८० रुपयांवर आला. नेहमीचा रेशो आता ३० होतो. म्हणजे भाव निम्मा झाला तरी शेअर महाग झाला, असे तो सांगतो. दहा वर्षांचा महागाईसह काढलेला हिशेब मात्र १३ च्या आसपास येतो. ३६० ला जो शेअर महाग होता तो १८० ला स्वस्त झाला, हे उघड सत्य तो नीट दाखवतो. चढउताराच्या धंद्यातले शेअर पी/ईवर सर्वांत स्वस्त दिसतात ते नेमके तेजीच्या शिखरावर, आणि सर्वांत महाग दिसतात ते तळाशी. सामान्य गुंतवणूकदाराचे हात सर्वांत जास्त पोळतात ते इथेच.

महागाईचा हा हिशेब आपल्याकडे अगदीच नवा नाही. जुने घर विकताना कर ठरवण्यासाठी खरेदीची किंमत निर्देशांकाने वाढवून धरण्याची पद्धत अनेक कुटुंबांना ठाऊक आहे. आयकर खात्याचा हा निर्देशांक २०१४-१५ साली २४० होता, तर २०२४-२५ साली ३६३. म्हणजे तेव्हाचे १०० रुपये आणि नंतरचे १५१ रुपये सारखेच. मात्र हा निर्देशांक ग्राहक किंमत निर्देशांकाच्या वाढीचा केवळ तीन चतुर्थांश भाग धरून ठरतो. म्हणून शेअरच्या हिशेबासाठी मूळ ग्राहक किंमत निर्देशांकच घेणे बरे.

ग्रॅहम यांचा धडा

३ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक ३८१ वर होता. ८ जुलै १९३२ रोजी तो ४१ वर आला. शंभर डॉलरचे अकरा डॉलर झाले. ३८१ चा आकडा पुन्हा पाहायला नोव्हेंबर १९५४ उजाडावा लागला. तोवर एक पिढी म्हातारी झाली होती.

या पडझडीची झळ बसलेल्यांत बेंजामिन ग्रॅहम होते. १८९४ साली लंडनमध्ये जन्मलेले आणि लहानपणीच न्यूयॉर्कला आलेले ग्रॅहम वॉल स्ट्रीटवर पैसे गुंतवत आणि कोलंबिया विद्यापीठात शिकवत. वॉरन बफे पुढे त्यांचे विद्यार्थी झाले. कोलंबियातीलच डेव्हिड डॉड यांच्यासह त्यांनी १९३४ मध्ये ‘सिक्युरिटी ॲनालिसिस’ हा जाडजूड ग्रंथ लिहिला. तेजीच्या काळात लोकांनी कंपनीचा मागचा इतिहास पाहणे सोडून दिले आणि नफा असाच वाढत जाणार असे धरून वाटेल तो भाव दिला, हे त्यांचे निदान होते. त्यावर त्यांनी सांगितलेला उपाय म्हणजे किमान पाच, शक्यतो सात ते दहा वर्षांच्या नफ्याची सरासरी पाहणे. या काळात धंद्याला बरे-वाईट दोन्ही दिवस येऊन गेलेले असतात. साहजिकच कंपनीची खरी कमाईची ताकद त्या सरासरीत उतरते.

ग्रॅहम-डॉड यांच्या सरासरीत महागाईची दुरुस्ती नव्हती. ती केली रॉबर्ट शिलर आणि जॉन कॅम्पबेल या अर्थशास्त्रज्ञांनी. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात महागाई वजा करून काढलेली दीर्घकालीन नफ्याची सरासरी वापरली गेली. त्यांनी ती एकेका कंपनीऐवजी साऱ्या अमेरिकन बाजाराला लावली. शिलर यांनी १८७१ पासूनचे भाव, नफे आणि महागाईचे आकडे जमवले. त्यामुळे दहा वर्षांची पहिली सरासरी १८८१ ची निघते. या गुणोत्तराला पुढे ‘केप’ असे सुटसुटीत नाव पडले. अमेरिकन बाजाराची त्याची दीर्घकालीन सरासरी १७ च्या आसपास आहे. १९२९ च्या शिखरावर ते ३० च्या वर होते, तर १९८२ च्या उन्हाळ्यात, मोठी तेजी सुरू होण्याच्या तोंडावर, ते ७ च्याही खाली उतरले होते.

ग्रीनस्पॅन यांचे भाषण

३ डिसेंबर १९९६ रोजी शिलर आणि कॅम्पबेल यांनी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेसमोर, म्हणजे फेडरल रिझर्व्हसमोर, आपले आकडे ठेवले. केप तेव्हा २८ च्या घरात होता. बाजार फार चढला आहे, पुढची दहा वर्षे गुंतवणूकदारांच्या पदरी फारसे काही पडणार नाही, हा त्या आकड्यांचा अर्थ होता. दोनच दिवसांनी, ५ डिसेंबरच्या रात्री, फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी एका भाषणात बाजाराच्या ‘अविवेकी उत्साहा’चा उल्लेख केला. दुसऱ्या दिवशी टोकियोपासून न्यूयॉर्कपर्यंत बाजार हादरले.

आणि मग वर जाऊ लागले! त्या दिवशी डाऊ जोन्स ६,४३७ वर होता. जानेवारी २००० मध्ये तो ११,७०० च्या पुढे गेला. शिलर यांचे ऐकून १९९६ मध्ये शेअर विकणाऱ्याला शेजारी श्रीमंत होताना तीन वर्षे पाहत बसावे लागले. डिसेंबर १९९९ मध्ये केप ४४ वर पोहोचला. तोवरच्या एकशेवीस वर्षांत तो इतका वर कधीच गेला नव्हता. मार्च २००० मध्ये, अगदी तेजीच्या टोकावर, शिलर यांचे ग्रीनस्पॅन यांच्याच शब्दांचे शीर्षक असलेले पुस्तक बाजारात आले. त्यानंतर ऑक्टोबर २००२ पर्यंत अमेरिकेच्या पाचशे मोठ्या कंपन्यांचा ‘एस अँड पी ५००’ निर्देशांक जवळजवळ निम्मा झाला. पुढे २००८ चे अरिष्ट आले. ९ मार्च २००९ रोजी डाऊ जोन्स ६,५४७ वर बंद झाला. बारा वर्षांपूर्वीच्या त्या भाषणाच्या दिवशी तो जिथे होता, तिथेच जवळपास परत आला होता. मधल्या काळात हाती लागला तो लाभांश, आणि तोही त्या वर्षांत बेताचाच. शिलर यांना २०१३ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. त्यांच्यासोबत तो मिळालेल्यांत युजीन फामा होते. बाजाराला भाव नीट कळतो, हे शिलर यांच्या अगदी उलट मत मांडण्यात फामा यांची हयात गेली होती.

निर्देशांकाची गोष्ट दूरची वाटते. एका कंपनीची पाहावी. इंटरनेटचे जाळे चालवणारी यंत्रे बनवणारी सिस्को ही कॅलिफोर्नियातील कंपनी मार्च २००० अखेर जगातील सर्वांत मोलाची कंपनी ठरली होती. शेअर ८० डॉलरवर, तर साऱ्या शेअर्सची मिळून किंमत ५५० अब्ज डॉलरच्या वर. त्या वर्षीचा तिचा नफा होता सुमारे २.७ अब्ज डॉलर. म्हणजे लोक त्या वर्षाच्या नफ्याच्या दोनशे पट मोजत होते. दहा वर्षांच्या सरासरीशी तुलना केली असती, तर हा आकडा कितीतरी मोठा निघाला असता. ऑक्टोबर २००२ मध्ये तोच शेअर नऊ डॉलरच्याही खाली गेला.

यावर लोक म्हणतात, वाईट कंपनी असेल. अजिबात नाही. सिस्को बुडाली नाही, तिच्या यंत्रांवर जग चालत राहिले. जुलै २०२३ मध्ये संपलेल्या वर्षात तिचा नफा १२.६ अब्ज डॉलर होता, म्हणजे २००० च्या साडेचार पटींहून अधिक. तरीही २०२३ च्या वर्षभरात तिचा शेअर साठ डॉलरच्या वर गेला नाही. कंपनी उत्तम, धंदा वाढता, नफा चढता, आणि तेवीस वर्षांनीही मुद्दलात तूट! चूक होती ती फक्त दिलेल्या भावात.

आपल्याकडच्या जुन्या मंडळींना यावरून १९९२ आठवेल. हर्षद मेहताच्या तेजीत एसीसी या सिमेंट कंपनीचा दोनशे रुपयांच्या आसपासचा शेअर नऊ हजारांच्या घरात गेला होता. तसाच कारखाना आज नव्याने उभारायला किती खर्च येईल ते पाहा, असा युक्तिवाद तेव्हा भावाच्या समर्थनासाठी केला जाई. त्या कारखान्याने दहा वर्षांत कमावले किती, हा प्रश्न त्या गलक्यात ऐकूच येत नव्हता.

उलट्या बाजूने

ही रीत केवळ ‘घेऊ नका’ एवढेच सांगते असे मात्र नाही. २००९ च्या मार्चमध्ये तिने ‘घ्या’ असेही सांगितले होते. एस अँड पी ५०० मधील कंपन्यांचा बारा महिन्यांचा एकत्रित नफा निर्देशांकाच्या हिशेबात २००७ च्या मध्याला ८५ डॉलर होता. मार्च २००९ अखेर तो सात डॉलरच्याही खाली घसरला. बँका आणि विमा कंपन्यांनी प्रचंड तोटे दाखवले होते, एकट्या एआयजीचा २००८ चा तोटा ९९ अब्ज डॉलर होता. परिणामी नेहमीचा पी/ई रेशो शंभराच्या पुढे गेला. बाजार निम्म्याहून खाली आला असताना तो इतिहासातला सर्वांत महाग आहे, असे तो सांगत होता! केप त्याच वेळी १३ च्या आसपास होता. त्यावर विश्वास ठेवून खरेदी करणाऱ्यांचे पुढील दशकात भले झाले.

आपल्याकडे करोनाच्या काळात असेच घडले. नफे आटल्यामुळे २०२१ च्या सुरुवातीला निफ्टीचा पी/ई चाळीसवर गेला. ३१ मार्च २०२१ पासून राष्ट्रीय शेअर बाजाराने कंपन्यांचा उपकंपन्यांसह एकत्रित नफा धरायला सुरुवात केली आणि तो आकडा एका दिवसात ३३ च्या आसपास उतरला. निर्देशांक जागचा फारसा हलला नव्हता, बदलली होती ती फक्त नफा मोजण्याची पद्धत. एका वर्षाच्या एका आकड्यावर किती विसंबावे, याचा यावरून अंदाज यावा.

आक्षेप थोडे नाहीत

व्हार्टनचे प्राध्यापक जेरेमी सीगल यांचे म्हणणे असे की, १९९० नंतर अमेरिकेत हिशेबाचे नियम बदलले. मालमत्तेची किंमत घटली की ती ताबडतोब तोटा म्हणून दाखवावी लागते, पण वाढली तर नफ्यात धरता येत नाही. एओएल टाइम वॉर्नरने २००२ या एकाच वर्षी सुमारे ९९ अब्ज डॉलरचा तोटा दाखवला, तो बहुतांशी असाच कागदावरचा. असे एक-दोन तोटे दहा वर्षांच्या सरासरीत अडकून बसतात आणि बाजार आहे त्यापेक्षा महाग दिसतो. या आक्षेपात तथ्य आहे.

त्याहून अडचणीचा आक्षेप कॅलेंडरच सांगते. १९९२ पासूनच्या तीस वर्षांत अमेरिकेचा केप १७ च्या खाली आला तो २००८-०९ मधील काही महिन्यांपुरताच. ‘सरासरीवर आल्यावर घेईन’ म्हणून थांबलेल्या माणसाचे अर्धे आयुष्य थांबण्यातच गेले असते. व्याजाचे दर, करांचे नियम, कंपन्यांची जातकुळी हे सगळे बदलत असते. १८८१ ची सरासरी आजच्या बाजाराला जशीच्या तशी लावणे म्हणजे आजोबांचा कोट नातवाच्या अंगात चढवणे.

एकेका कंपनीच्या बाबतीत तर आणखी सावध राहावे लागते. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसने फेब्रुवारी १९९३ मध्ये ९५ रुपयांना शेअर विक्रीला काढले, तेव्हा ते पुरते विकलेही गेले नाहीत. अशा झपाट्याने वाढणाऱ्या कंपनीचा दहा वर्षांपूर्वीचा नफा नगण्य असतो. सरासरी खाली ओढली जाते आणि ही फूटपट्टी तिला नेहमीच ‘महाग’ म्हणते. केवळ तिच्या भरवशावर चालणाऱ्याने इन्फोसिस कधीच घेतली नसती. नव्याने बाजारात आलेल्या, विलीनीकरणाने किंवा विभाजनाने रूप पालटलेल्या कंपन्यांनाही ती लागू पडत नाही. सिमेंट, साखर, पोलाद, वाहने, रसायने, बँका अशा जुन्या, चढउताराच्या धंद्यांत मात्र तिच्याइतका भरवशाचा मापदंड क्वचितच सापडेल. तिथेही अमेरिकेच्या १७ शी तुलना करण्यात अर्थ नाही. कंपनीची तुलना तिच्याच मागच्या वर्षांशी आणि त्याच धंद्यातील इतरांशी करावी. आणि भाव कधी पडेल हे ही रीत सांगत नाही. १९९६ ते २००० ची सव्वातीन वर्षे त्याची साक्ष आहेत. म्हणून सहा महिन्यांत पैसे दुप्पट करू पाहणाऱ्याला तिचा काडीचा उपयोग नाही. दहा-पंधरा वर्षांनी लागणारे पैसे गुंतवणाऱ्याला मात्र आहे.

हिशेब घरी करता येतो. अनेक जुन्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालात दहा वर्षांचा गोषवारा छापलेला असतो. उपकंपन्या असतील तर एकत्रित नफ्याचा आकडा घ्यावा. ग्राहक किंमत निर्देशांक केंद्र सरकारचे सांख्यिकी मंत्रालय दर महिन्याला जाहीर करते. तोट्याचे वर्ष ‘अपवाद’ म्हणून वगळण्याचा मोह होतो, तो टाळावा. तोटाही वजा चिन्हासह सरासरीत धरायचा, कारण पुढच्या दहा वर्षांतही असे एखादे वर्ष येणारच. सर्वांत जास्त चुका होतात त्या बोनस आणि शेअर विभाजनात. कंपनीने मध्येच एकास एक बोनस दिला असेल, तर त्याआधीच्या वर्षांचा शेअरमागचा ४० रुपये नफा २० रुपये धरायला हवा. तसे न केल्यास जुनी वर्षे फुगतात, सरासरी वाढते आणि महाग शेअर कागदावर स्वस्त दिसू लागतो.